मुरुडच्या वाचकांच्या तीव्र भावना

रत्नपाल तांबे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात मुरुडच्या बाजारपेठेतल्या वाचनालयाचे मानद ग्रंथपाल झाले. मानद म्हणजे बिनपगारी, हे त्यांना ठाऊक होतं. पण घरी बसलं की त्यांच्या पत्नी भक्तीवहिनी त्यांना फडताळातले डबे पुसायला लावत. इथे निदान पुस्तकं पुसायची होती.

कादंबऱ्यांचा त्यांना नाद नव्हता. चरित्रं वाचत, धम्मावरची पुस्तकं वाचत. चाळीस वर्षं सातबारे पाहिल्यामुळे पुस्तक हातात आलं की आधी नाव, मग मालक, मग इतर हक्क, एवढं बघून ते त्याची रवानगी योग्य त्या फळीवर करत. गेल्या दिवाळीनंतर नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात एक होतं ‘आंघोळीचे दिवस’. मुखपृष्ठावर लाकडी टप, टपातून निघणारी वाफ. मूळ लेखिका फुमिए कुरानागा, जपान. अनुवाद क्षिप्रा गाणेकर, म्हसळा. तांब्यांनी ते ‘आरोग्य’ या फळीवर, निसर्गोपचाराच्या शेजारी लावलं.

म्हणूनच ते अनुसूयाबाई राऊतांच्या हाती लागलं.

अनुसूयाबाईंची मुरुडला नारळी-पोफळीची वाडी आहे. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. त्या दर शनिवारी यायच्या आणि विचारायच्या, “तांबेभाऊ, गुडघ्यांसाठी नवीन काही?” तांब्यांनी पुस्तक पुढे केलं. “जपानी पद्धत आहे. गरम पाण्याची असावी.”

बाई चौथ्या दिवशी, म्हणजे शनिवार नसताना, परत आल्या. रिक्षाने आल्या. पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, “ही आमच्या घराची बदनामी आहे.”

“गुडघ्यांबद्दल काही नाही का त्यात?”

“गुडघे सोडून सगळं आहे!”

आता राऊतांचं घर म्हणजे काय ते सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी अनुसूयाबाईंचे यजमान गेले. वाडीचे दोन भाग झाले, अर्धा बाईंचा, अर्धा धाकट्या दिराचा, यज्ञेश्वररावांचा. विहीर मात्र बांधावर आणि पंप एकच. तेव्हा शिंपण्याचे वार वाटून घेतले. सोम, बुध, शुक्र वहिनीचे. मंगळ, गुरू, शनी दिराचे. राहिला रविवार. बाई म्हणाल्या, मी थोरली, रविवार माझा. यज्ञेश्वरराव म्हणाले, पंप मी बसवला, रविवार माझा. वर्षभर शब्दाला शब्द वाढत गेला आणि एक दिवस शब्दच बंद झाले. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रविवारी पंप कोणीच लावत नाही. घरं एका भिंतीची. पण निरोप द्यायचा झाला तर तो केसर कोळणीच्या टोपलीतून जातो. केसर दोन्ही दारांत मासळी घेऊन येते. “सांग तिकडे, वरच्या माडाचा नारळ पत्र्यावर पडेलसा झालाय,” असं बाई सांगतात, आणि केसर चार पावलं चालून तेच पुन्हा सांगते.

आणि ‘आंघोळीचे दिवस’मध्ये काय होतं? जपानातलं एक मासेमारीचं गाव. तिथे तोमे नावाची विधवा आणि तिचा दीर इसाकू. घरं लागून, न्हाणीघर सामाईक. बंब तापवायचे वार वाटलेले, तीन तिचे, तीन त्याचे. सातव्या दिवसावरून दोघांचं बोलणं बंद. सातव्या दिवशी टप कोरडा.

तांब्यांनी त्या दुपारी वाचनालयाची खिडकी लावून घेतली आणि आयुष्यातली पहिली कादंबरी एका बैठकीत वाचून काढली. मध्ये दोनदा ते उठले आणि फेऱ्या मारून आले. इसाकू नवा पंचा ट्रंकेत ठेवून जुन्याच्या चिंध्या वापरतो, हे वाचून तर ते मोठ्याने हसले, कारण यज्ञेश्वररावांचा पंचा सगळ्या गावाने पाहिलेला होता. पण त्रेचाळिसाव्या पानावर ते थांबले. तिथे तोमे रोज सकाळी चूल पेटवण्याआधी भिंतीशी उभी राहते. पलीकडे दीर खाकरला, म्हणजे माणूस जिवंत आहे, हे कळलं की मगच ती भाताचं आधण ठेवते. दहा वर्षं.

अनुसूयाबाईंनी तक्रारीत वारांचा मुद्दा मांडला होता, पंच्याचा मांडला होता. त्रेचाळिसाव्या पानाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरराव हजर. त्यांना केसरने सांगितलं होतं, “काका, तुमच्यावर बुक आलाय.” त्यांनी पुस्तक नेलं, दोन दिवसांत आणून दिलं आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

“तांबे, हे वहिनींनीच लिहवून घेतलंय.”

“अहो, त्याच तक्रार करून गेल्या.”

“तक्रार करणारच. संशय येऊ नये म्हणून. मला कंजूष दाखवलंय, घुम्या दाखवलंय. आणि ती तोमे बघा! सगळं सोसणारी. हे कोणाच्या बाजूने लिहिलंय ते शेंबडं पोरही सांगेल.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “ते भिंतीचं काय हो? तसं असतं का खरंच?”

“पुस्तकात आहे,” तांबे सावधपणे म्हणाले. “प्रत्यक्षाबाबत कार्यालयाकडे माहिती उपलब्ध नाही.”

पण त्या आठवड्यापासून यज्ञेश्वरराव सकाळी सहाला खाकरायला लागले. पूर्वीही खाकरत असतील. आता ते गाव उठवायला लागले. शेजारच्या निकेशच्या लॉजमध्ये पुण्याची मंडळी उतरली होती. त्यांनी विचारलं, इथे कोणता प्राणी आहे. अनुसूयाबाईंनी केसरला पकडलं. “विचार तिकडे, छातीत कफ झालाय का. आडुळसा पाठवू का म्हणावं.”

केसरने चार पावलं चालून निरोप दिला. यज्ञेश्वरराव खूश झाले आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात खाकरले.

एव्हाना पुस्तकाला मागणी आली होती. वाचनालयात प्रत एकच. तांब्यांनी नोंदवही उघडली आणि प्रत्येकाला तीन दिवसांची मुदत घातली. पोस्टातल्या बाबाजींनी वाचलं आणि जाहीर केलं, की जपानी टपालखातं आपल्यापेक्षा मंद आहे. कथेतलं पत्र पोहोचायला अख्खा अध्याय लागतो. केसरला वाचता येत नाही, म्हणून तिची सून मानसी तिला सुकट निवडताना वाचून दाखवायची. केसर मान हलवायची. “इसाक मानूस बरा हाय. पर बांगडा असा सुकवत न्हाय. पोट फाडल्याबिगर सुकवला तं किडं व्हनार. ह्या बाईनं बांगडा बगितलाच न्हाय.” मग थोडं थांबून, “तोमाबाय मात्र आपली अनुसूयाबाय. व्हय, तीच.”

सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. जपानच्या बाईला मुरुडची बातमी कळणं शक्य नाही. तेव्हा कारस्थान अनुवाद करणारीचं. ती म्हसळ्याची. आणि म्हसळ्याला राऊतांची एक आत्या दिलेली होती! झालं. जपान हे नुसतं नाव, आतला माल म्हसळ्यामार्गे गेलेला.

दोन्ही राऊतांनी, वेगवेगळ्या वेळी येऊन, एकच मागणी केली: त्या बाईला बोलवा आणि समोरासमोर विचारा. तांब्यांनी प्रकाशकाकडून पत्ता मिळवला आणि पत्र लिहिलं. पत्र एकाच प्रकारे लिहायची त्यांना सवय होती.

‘महोदया, विषयांकित पुस्तकाबाबत कळविण्यात येते की, सदर पुस्तक मुरुड येथे मोठ्या प्रमाणावर वाचले जात असून त्याबाबत वाचकांच्या भावना तीव्र आहेत. तरी आपण येत्या शनिवारी दुपारी चार वाजता समक्ष उपस्थित राहून वाचकांशी संवाद साधावा, ही विनंती.’

म्हसळ्याला क्षिप्रा गाणेकरने हे पत्र तीनदा वाचलं आणि आईला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून चौथ्यांदा मोठ्याने वाचलं. ती पुण्यात जपानी शिकली, एका कारखान्यात बारा वर्षं दुभाषी होती, मग कंटाळून घरी परत आली आणि आवडीची कादंबरी मराठीत केली. तीन वर्षं लागली. पुस्तक येऊन दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत तिला दोन पत्रं आली होती. एक प्रकाशकाचं, गठ्ठे गोदामात जागा अडवतायत म्हणून, आणि दुसरं एका मामांचं, शुद्धलेखनाबद्दल. ‘वाचकांच्या भावना तीव्र आहेत’ या वाक्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सत्कार दिसतोय,” आई म्हणाली. “पैठणी नेस.”

शनिवारी ती मोरपंखी पैठणी नेसून एसटीने दिघीला आली, फेरीबोटीतून आगरदांड्याला उतरली आणि रिक्षाने मुरुडच्या वाचनालयापुढे पोहोचली. आत चाळीसएक माणसं बसली होती. टाळ्या झाल्या नाहीत. ती हसून नमस्कार करत आत गेली. हार कुठे ठेवलाय, ते तिने हळूच पाहिलं. टेबलावर पाण्याचा तांब्या होता आणि पुस्तकाची प्रत, तीही सुताने बांधलेली, एखाद्या पुराव्यासारखी. प्रतीला सुकटीचा वास येत होता.

“बसा,” तांबे म्हणाले. “प्रथम वाचक आपलं म्हणणं मांडतील. नंतर आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाईल.”

अनुसूयाबाई पहिल्या रांगेत डाव्या टोकाला, यज्ञेश्वरराव उजव्या टोकाला. मध्ये केसर. बाई उठल्या.

“तुम्हाला आमच्या घरातलं कोणी सांगितलं?”

क्षिप्राला वाटलं, पाहुणचाराबद्दल काही विचारतायत. “तुमच्या घरी... मला काहीच माहीत नाही. नंतर जायचंय का?”

“नंतर कशाला? घर तुम्ही आतून-बाहेरून लिहिलंच आहे! वार, पंचा, भिंत...” बाई भिंतीशी अडखळल्या. “भिंत राहू द्या. पंचा.”

“आत्याने सांगितलं ना?” यज्ञेश्वररावांनी उजवीकडून विचारलं. “गोदाआत्याने? खरं बोला.”

क्षिप्राचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सत्कार नव्हता, चौकशी होती. पैठणीत तिला एकदम उकडायला लागलं. पण मग तिच्या लक्षात आलं, की समोरच्या चाळीस माणसांनी पुस्तक वाचलंय. नुसतं चाळलेलं नाही. पंचा कितव्या पानावर आहे, हे त्यांना तिच्याहून जास्त माहीत आहे. ती घोटभर पाणी प्यायली आणि पिशवीतून तिने एक जुनं, पिवळ्या पानांचं पुस्तक काढलं. उभ्या ओळींची जपानी लिपी.

“हे मूळ पुस्तक. कुरानागाबाई कधी जपानबाहेर पडल्या नाहीत, त्यांना बोट लागायची. आणि हे बघा, छापल्याचं साल. एकोणीसशे एकाहत्तर.”

पुस्तक रांगेतून फिरलं. कोणालाच वाचता आलं नाही, तरी प्रत्येकाने ते सालाच्या जागी निरखून पाहिलं. तांब्यांनी चष्मा लावून शिक्का आहे का, तेही पाहिलं.

“एकाहत्तरला मी किहीमला आठवीत होते,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “लग्नच अठ्ठ्याहत्तरचं.”

“म्हणजे ही तोमे तुम्ही नाही,” क्षिप्रा मोकळी होऊन म्हणाली. “कोणीच इथलं नाही.”

सगळ्यांना वाटलं, बाईंचं समाधान होईल. बाईंचा चेहरा मात्र असा झाला, जणू कोणी पंगतीतून उठवलं.

“मी नाही?”

“नाही.”

“पण सगळं तर माझंच आहे. भिंतीशी उभं राहायचं ते...” बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली.

यज्ञेश्वरराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे उघड होतं. पण अकरा वर्षं न बोललेला माणूस एकदम काय बोलणार? त्यांनी पुस्तकाचा आधार घेतला.

“मला शेवटाबद्दल विचारायचंय,” ते क्षिप्राकडे बघून म्हणाले. “शेवटी इसाकू आजारातून उठलेला असतो. सातव्या दिवशी तोमे बंब पेटवते, टप भरते, आणि त्याला हाक मारत नाही. पाणी गार होतं. कादंबरी संपली! हा काय शेवट झाला? एक हाक मारायला काय झालं होतं तिला?”

“धूर दिसत होता ना त्याला?” डावीकडून आवाज आला.

“धूर कोणाचाही असतो. त्याला वाटलं, पलीकडच्या घरचा.”

“सातव्या दिवशी? दहा वर्षांत कधी धूर आला नाही त्या दिवशी, आणि आज येतोय, तर माणसाने उठून बघू नये? पायाला काय झालं होतं?”

“आजारी होता तो, वहिनी! नीट वाचलंत का तुम्ही?”

“दोनदा वाचलंय, भाऊजी! आजारी होता तो आधीच्या अध्यायात. या अध्यायात दोन वाट्या भात खातो. भात खायला पाय लागत नाहीत, मान्य. पण पायरी उतरायला किती ताकद लागते?”

“मोठं कोण? तिने मोठेपणा घ्यावा!”

“तिने पाणी तापवलं, लाकडं फोडली, अजून किती मोठेपणा घेणार? आता टपात उचलून घालू का तुम्हाला?”

“मला नाही, त्याला!”

“तेच ते!”

केसरने मध्ये बसून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं. सवयीने तिने निरोप पोहोचवायला तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं आणि हळूच उठून मागच्या रांगेत जाऊन बसली. तांब्यांनी चहावाल्याला दारातच खुणेने थांबवलं. वीस मिनिटं दोघं बोलत होती. इसाकूच्या पंच्यावर बोलली, तोमेच्या हट्टावर बोलली, जपानी लोकांना न्हाणीघर दोन बांधायला काय झालं होतं, यावरही बोलली. क्षिप्रा वहीत भराभर लिहून घेत होती.

मग पोस्टातल्या बाबाजींना शिंक आली. दोघं एकदम गप्प झाली. बाईंनी पदर सारखा केला. यज्ञेश्वररावांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

“तांबे,” ते म्हणाले, “त्यांना सांगा, शेवटचा अध्याय पुन्हा वाचा म्हणावं.”

“तांबेभाऊ,” बाई म्हणाल्या, “सांगा, पाठ आहे.”

चहा आला. वडे आले. तांब्यांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘साधकबाधक चर्चा होऊन सभा संपली.’ क्षिप्राला हार मिळालाच नाही. पण रिक्षात बसताना अनुसूयाबाईंनी सहा नारळ दिले, आणि ते पाहून यज्ञेश्वररावांनी घाईघाईने आठ आणून दिले, आणि चौदा नारळ आणि पैठणी सांभाळत ती फेरीबोटीवर चढली तेव्हा खलाशी म्हणाला, “ताई, नारळाचं तिकीट नाही, पण जरा मधोमध बसा.”

आता कोणाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून दोन्ही राऊत घरं एक झाली. तसं काही झालं नाही. रविवारचा प्रश्न जिथल्या तिथे आहे, आणि पत्र्यावरच्या नारळाचा निरोप आजही केसरच नेते. दोघं बोलतात ते फक्त पुस्तकाबद्दल, आणि तेही फक्त शनिवारी, वाचनालयात. इतर विषय निघाला की तांब्यांकडे वळतात. एकदा बोलता बोलता बाई तोमेच्या गुडघ्यांवर घसरल्या. तोमेचे गुडघे पुस्तकात कुठेच दुखत नाहीत. यज्ञेश्वररावांनी हे दाखवून दिलं नाही. ते म्हणाले, “तिने अलिबागच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. इसाकू रिक्षा करून नेईल.” इसाकूने पुढच्या बुधवारी रिक्षा केलीही. जाता-येता दोघं शेवटच्या अध्यायावर भांडत होती, असं रिक्षावाल्याने सांगितलं.

प्रकाशकाकडे एका महिन्यात मुरुडहून छत्तीस प्रतींची मागणी गेली. त्याने क्षिप्राला फोन केला. “तिकडे पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं का?”

“नाही,” ती म्हणाली. “त्यांचा माझ्यावर राग आहे.”

“मग आणखी दोन-चार गावांत होईल का तसं?”

कुरानागाबाईंनी एकूण चौदा कादंबऱ्या लिहिल्या. क्षिप्राने दुसरी हाती घेतली आहे आणि प्रकरण झालं की ती कच्चा मजकूर मुरुडला पाठवते, कारण बांगडा कसा सुकवतात, हे मानसीकडून विचारून घ्यावं लागतं. या कादंबरीत एक पोस्टमन आहे. तो लोकांची पत्रं पोहोचवण्याआधी वाफेवर उघडून वाचतो. मागच्या शनिवारी तांब्यांनी ते प्रकरण मोठ्याने वाचलं तेव्हा सगळं वाचनालय हसत होतं. बाबाजी तेवढे गंभीर होते. वाचन संपल्यावर ते तांब्यांच्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “या बाईंचं म्हसळ्यात पोस्टात कोणी ओळखीचं आहे का?”